वेताळ, परीराजा आणि रॉक संगीत

महाविद्यालयात आल्यावर दोन आवडी उघड सांगण्याचा संकोच वाटू लागतो. एक, लहान मुलांसाठी लिहिलेल्या जादूच्या गोष्टींची. आणि दुसरी, रॉक संगीताची, त्यातही पन्नास वर्षांपूर्वीच्या जुन्या बँडची. पहिलीला पोरकटपणा म्हणतात, दुसरीला शहरी थेर. लोणखेड्यात राहून मला या दोन्ही गोष्टी मनापासून आवडतात. त्या एकमेकींपासून वाटतात तितक्या दूर नाहीत, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे.

त्यासाठी फार लांब जायला नको. पाचगणीपर्यंत गेले तरी पुरे. इंग्लंडमधील 'क्वीन' या जगप्रसिद्ध रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे मूळ नाव फारोख बुलसारा. १९४६ साली झांझिबार येथे पारशी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा वयाच्या आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकायला आला. तेथेच त्याने १९५८ च्या सुमारास वर्गमित्रांसह 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. पुढे १९६४ साली हे कुटुंब इंग्लंडला गेले आणि १९७० साली 'क्वीन'ची स्थापना झाली.

या बँडच्या १९७३ च्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत 'माय फेअरी किंग' हे फ्रेडीने रचलेले परीराजाचे गीत आहे. 'मर्क्युरी' हे आडनाव त्याने याच गीतातल्या एका शब्दावरून घेतले, असे त्याचा सहकारी ब्रायन मे याने सांगितले आहे. १९७४ च्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत राक्षसांची लढाई आहे, रिचर्ड डॅड या चित्रकाराच्या परीचित्रावर बेतलेले एक गीत आहे आणि 'ऱ्हाय' नावाचा काल्पनिक देशही आहे. ही केवळ एका गायकाची लहर नव्हती. टॉल्किनने मुलांसाठी लिहिलेल्या 'द हॉबिट' या १९३७ च्या पुस्तकातला गॉलम, 'लेड झेपलिन' या बँडच्या १९६९ च्या एका गीतात भेटतो. याच बँडचे जिमी पेज व रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ साली मुंबईत येऊन भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रण केले होते.

आता या दोहोंची रचना पाहू. 'चांदोबा'ची मराठी आवृत्ती १९५२ साली सुरू झाली. ते मासिक आता बंद पडले असले, तरी त्यातला विक्रम-वेताळ विसरलेला वाचक विरळा. राजा झाडावरून प्रेत उतरवतो, खांद्यावर टाकतो आणि मुकाट्याने स्मशानाची वाट चालू लागतो. वेताळ गोष्ट सांगतो, प्रश्न विचारतो, राजाचे मौन भंगते आणि प्रेत पुन्हा झाडावर! सुरुवात तीच, शेवट तोच. मधली गोष्ट मात्र दर वेळी नवी. रॉक गीतातही गिटारवरचा एक छोटा स्वरसमूह, ज्याला 'रिफ' म्हणतात, असाच पुन्हा पुन्हा येतो. ड्रम आणि बेस गिटार ठेका धरून ठेवतात; गायक वा गिटारवादक त्यावरून दूर भटकतो आणि परत येतो. परत येणार हे ठाऊक असते, म्हणूनच त्याच्याबरोबर दूर जाण्यात मजा वाटते. काठीच्या राजवाडी होळीत रात्रभर ढोल ऐकलेल्या माणसाला तर हा आनंद नव्याने समजावून सांगायला नको.

राहता राहिली भाषेची अडचण. १९७५ सालच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या जवळजवळ सहा मिनिटांच्या गीतात मध्येच प्रचंड समूहगान उसळते. वस्तुतः गाणारे तिघेच आहेत: फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. त्यांचेच आवाज टेपवर थरावर थर चढवून मुद्रित केलेले आहेत. तिघांची फौज होते, ही जादूच नव्हे काय? पहिल्यांदा ऐकताना मला त्यातले इंग्रजी शब्द फारसे कळले नाहीत. पण घरातले जुने 'चांदोबा' वाचताना तरी सगळे शब्द कुठे कळत होते? आधी त्या जगात शिरायचे, अर्थ मागाहून येतो.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. आपल्याच जिल्ह्यात, सातपुड्याच्या भागात, 'डाकीण' ठरवून बाईचा छळ करण्याचे प्रकार घडले आहेत. २०१३ साली राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. अशा ठिकाणी जादूच्या गोष्टींचे कौतुक कशाला, असे कोणीही विचारील. माझे उत्तर असे, की गोष्टीतली चेटकीण पुस्तक मिटले की संपते, आणि हे वाचणाऱ्या मुलाला पक्के ठाऊक असते. कल्पिताला कल्पित म्हणून भोगण्याची सवय ज्याला लहानपणी लागते, त्याला वास्तवाची सीमा अधिक स्पष्ट दिसते, असे मला वाटते. गावात जिला 'डाकीण' म्हणतात ती कोणाची तरी आई असते, मावशी असते. तिच्यावर घेतलेला आळ ही गोष्ट नव्हे, गुन्हा आहे. हा फरक मुलांना शिकवायचा तर गोष्टी काढून घेऊन कसे चालेल?

सगळेच रॉक संगीत चांगले असते असे नाही. त्यात गोंगाटही पुष्कळ आहे. जादूच्या नावाखाली भरताड लिहिणारेही कमी नाहीत. निवड करावीच लागते, पण ती ऐकून आणि वाचून करावी. तेव्हा कोणाच्या माळ्यावर 'चांदोबा'चे जुने अंक असतील, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी एकवार चाळावेत. आणि 'क्वीन'चे ते सहा मिनिटांचे गीत दिवा मालवून, मध्ये न बोलता, एकदा पूर्ण ऐकावे. मग त्याला पोरकटपणा म्हणायचे की थेर, ते ज्याचे त्याने ठरवावे.