विश्रांती आणि रक्तातली साखर
‘विश्रांतीने काही बिघडत नाही,’ असं आपण धरून चालतो. स्नायूंच्या बाबतीत ते तितकंसं खरं नाही. इन्सुलिनमुळे रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेचा सर्वांत मोठा वाटा स्नायू घेतात. इन्सुलिनचा निरोप पोचला, की ग्लुट-४ ही वाहक प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत नेतात. निरोगी माणूस ५ दिवस अंथरुणात पडून राहिला, तरी या निरोपाला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. स्नायू रोडावलेले दिसण्याआधीच. मग स्वादुपिंड जादा इन्सुलिन सोडतं, उपाशीपोटीचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, आणि आपण निर्धास्त! पण आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर घेतो. तेव्हा आजारपणात डॉक्टरांना ‘विश्रांती किती?’ याबरोबरच ‘हालचाल किती चालेल?’ हेही आपण विचारू या.