किआन्ती: नावाची अब्रू आणि नियमाची सक्ती

इटलीच्या तोस्काना प्रांतात फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांमधल्या टेकड्यांवर किआन्ती ही तांबडी वाइन होते. १७१६ साली ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने हुकूम काढून या मुलखाची हद्द आखली. बाहेरच्या मालाला हे नाव लावू नये, हा त्याचा हेतू.

१९६७ साली सरकारी नियम आले. त्यांनी सान्जोवेझे या काळ्या द्राक्षांत १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे मिसळणे सक्तीचे केले. त्याने वाइन पातळ होते, असे चांगल्या बागाईतदारांचे म्हणणे. आन्तिनोरी घराण्याने १९७५ साली आपल्या ‘तिन्यानेल्लो’ वाइनमधून पांढरी द्राक्षे पार वगळली. नियमात न बसणारी ही वाइन साधी ‘टेबल वाइन’ म्हणून विकावी लागली. तरी जाणकारांनी ती जास्त पैसे मोजून घेतली!

अखेर नियमच बदलले. या जुन्या मुलखातल्या मालाला आज ‘किआन्ती क्लासिको’ म्हणतात. त्यात निदान ८० टक्के सान्जोवेझे लागते. २००६ च्या हंगामापासून पांढरी द्राक्षे वर्ज्य आहेत. बाटलीवरचा काळा कोंबडा ही त्याची खूण.

वाचकहो, नाव राखायला नियम हवाच. पण मालच बिघडू लागला तर तो बदलावाही लागतो.