नाण्याचा काठ काय सांगतो?

परवा दुपारी थोरल्या जाऊबाईंचा फोन. आवाजच वेगळा. ‘अगं, तुझ्या वडिलांचा तो नाण्यांचा नाद होता ना? तुला कळतं त्यातलं. जरा ये घरी. आणि ह्यांना काही बोलू नकोस.’

गेले. ताईंनी देवघरातला पितळी डबा पुढ्यात ओतला. मोबाईलवर कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की टांकसाळीत चुकलेल्या नाण्याला दोन लाख मिळतात. नाण्यांचे फोटो पाठवल्यावर ‘नोंदणी फी’ म्हणून 1,150 रुपये गेलेही. आता ‘कर’ म्हणून 4,800 मागत होता. भिशीचे पैसे, लेकीच्या होस्टेलसाठी ठेवलेले.

माझे वडील एसटीत कंडक्टर. रोजच्या चिल्लरमध्ये वेगळं नाणं दिसलं, की खिशातलं दुसरं टाकून ते घरी आणायचे. रात्री भिंग घेऊन आम्ही दोघं बसायचो. तेव्हा कळलेलंच इथं सांगते.

टांकसाळीत धातूच्या पट्टीतून आधी कोऱ्या चकत्या कापतात, मग त्यांचा काठ उचलतात. चकती पोलादी कडीत बसते आणि वरचा-खालचा ठसा एकदम दाबला जातो. हे सगळं नाणं जन्माला येताना घडतं. म्हणून चूकही याच पायऱ्यांपैकी कुठंतरी बसायला हवी. बसत नसेल, तर ते नंतर कुणाच्या तरी हातून, नाहीतर रुळावर, गॅसवर, गिरणीत घडलेलं.

ताईंचं पहिलं नाणं एक रुपयाचं, कडेला उंदरानं खाल्ल्यासारखं. ‘हे बघ, तुकडाच नाही!’ मी म्हटलं, ‘ताई, तुकड्याच्या बरोब्बर समोरचा काठ बघा.’ चकतीच मुळात अर्धवट कापली गेली असेल, तर काठ उचलताना समोरच्या बाजूला पुरेसा दाब बसत नाही. त्यामुळं तिथला काठ बहुधा पुसट, सपाट येतो. ताईंच्या नाण्याचा समोरचा काठ ठसठशीत होता आणि कापलेल्या जागी कानशीचे ओरखडे चकाकत होते. घरगुती कारागिरी!

दुसरं दोन रुपयांचं, एक बाजू कोरी. दोन चकत्या एकाच वेळी ठशांमध्ये गेल्या, तर प्रत्येकीवर एकाच बाजूला छाप उठतो, म्हणून असं नाणं होऊ शकतं. पण धातू कुठं जात नाही, वजन पुरं भरतं. शेजारच्या सोनाराच्या काट्यावर त्याच सालचं तसलंच नाणं शेजारी ठेवून बघितलं. ताईंचं हलकं भरलं. घासून काढलेलं.

दहा रुपयांच्या नाण्यात मधला गोल फिरलेला होता. तिथं तर काट्याचीही गरज नाही. बाहेरची कडी आणि आतला गोल एकाच दाबात छापले जातात. मग छाप उठल्यावर आतला गोल एकटाच कसा फिरणार? कुणीतरी काढून परत ठोकलेला.

वैष्णोदेवीचं 2012 सालचं पाच रुपयांचं नाणं ताईंनी वेगळं जपून ठेवलं होतं. ते खरंच आहे, पण चूक नाहीच. सरकारनं मुद्दाम काढलेलं स्मृतिनाणं. तसंच सालाखालच्या खुणेचं. चौकट मुंबईची, चांदणी हैदराबादची, टिंब नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकाता. चांदणी म्हणजे नशीब नव्हे हो!

मग डब्यातल्या ‘नुसत्या’ नाण्यांवरून भिंग फिरवलं. एका जुन्या रुपयावर केसासारखी रेघ. ताई म्हणाल्या, ‘ते राहू दे, ओरखडलंय.’ मी नखानं चाचपलं. ओरखडा खोल जातो, धातू दोन्ही बाजूंना सरकतो. ही रेघ वर आलेली होती. ठशालाच तडा गेला, की धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर फुगीर रेघ उठते. ही खरी टांकसाळीची चूक! लाखांची नाही, पण खरी. (आणि कृपा करून अशी नाणी चिंच-राखेनं घासू नका. संग्राहक घासलेल्या नाण्याला हात लावत नाहीत. मी लहानपणी वडिलांचं एक घासलं होतं. दोन दिवस ते बोलले नव्हते.)

रिझर्व्ह बँकेनं 2021 च्या ऑगस्टमध्ये लोकांना सावध केलं होतं, की जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी बँक कुणाकडून फी किंवा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकारही तिनं कुणाला दिलेला नाही. ताईंना ते वाचून दाखवलं. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘ह्यांना आज रात्री सांगते.’ 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावून तक्रार नोंदवली. ते 1,150 परत येतील का, ठाऊक नाही.

चहा गाळत होतो, तेवढ्यात त्याचाच फोन. ताईंनी पदराला हात पुसले आणि उचलला. ‘हो, आहे ना नाणं. पण कापल्याच्या समोरचा काठ शाबूत आहे. आणि वजनही कमी भरतंय. चालेल का तुम्हाला?’

पलीकडून फोन बंद झाला. ताईंनी तो फुगीर रेघेचा रुपया तेवढा कुंकवाच्या करंड्यात ठेवला.