आकडे कुठे संपतात? : डिजिटल अ‍ॅम्प्लिफायरच्या अंतरंगात

गाणे ऐकण्याच्या यंत्रांच्या दुकानात हल्ली ‘फुल डिजिटल अ‍ॅम्प्लिफायर’ अशी पाटी हमखास दिसते. मी इलेक्ट्रॉनिक्सचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. उघडलेली यंत्रे, सर्किटचे नकाशे आणि एक जुना ऑसिलोस्कोप हेच माझे गुरू. या नादात बरीच वर्षे घालवल्यावर अशा पाटीसमोर मी एकच प्रश्न विचारतो : या पेटीत आकडे नेमके कुठे संपतात? स्पीकरचा शंकू आकड्यांनी हलत नाही, विजेच्या प्रवाहाने हलतो. म्हणजे आकड्यांची वीज कुठेतरी व्हायलाच हवी. ती कुठे होते, यावर त्या यंत्राचे गुण आणि दोष दोन्ही ठरतात.

सुरुवात सीडीपासून करू. १९८२ साली जपानमध्ये ती बाजारात आली. तिच्यावर आवाजाची मोजमापे नोंदलेली असतात, सेकंदाला ४४,१०० वेळा. प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. नेहमीच्या मांडणीत प्लेअरमधील ‘डॅक’ नावाचा भाग या आकड्यांपासून एक लहानसा विद्युतदाब तयार करतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तो मोठा करतो. डिजिटल इनपुट असलेल्या पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हाच डॅक प्लेअरऐवजी अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीत बसवलेला असतो, एवढाच फरक. त्यात गैर काही नाही. पण तिथे आकडे उंबरठ्यावरच संपतात.

दुसरा प्रकार समजण्यासाठी आधी ‘क्लास-डी’ पाहायला हवा. यातला डी म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सी हे वर्ग आधीच होते, म्हणून पुढचे अक्षर डी. जुन्या पद्धतीत ट्रान्झिस्टर अर्ध्या उघड्या नळासारखे काम करतो. जे पाणी अडवले जाते, त्याची उष्णता होते. क्लास-डीमध्ये नळ एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. तो सेकंदाला लाखो वेळा उघड-बंद होतो आणि किती वेळ उघडा राहिला यावर सरासरी धार ठरते. पुढची कॉइल आणि कपॅसिटर ते झटके गुळगुळीत करतात. त्यामुळे उष्णता फार कमी. ब्रिटनच्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९६४ साली ‘एक्स-१०’ नावाचा असा अ‍ॅम्प्लिफायर सुट्या भागांच्या रूपात विकला होता. त्या काळात घरगुती यंत्रांत डिजिटल आवाज नव्हताच.

खऱ्या डिजिटल-इनपुट अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मधला डॅक गाळला जातो. आकडाच सांगतो, नळ किती वेळ उघडा ठेवायचा. ऐकायला सोपे; हिशेब मात्र अवघड. प्रत्येक मोजमापाच्या अवधीचे ६५,५३६ भाग पाडायचे, तर सेकंदाला सुमारे २८९ कोटी टोले देणारे घड्याळ लागेल. त्यावर युक्ती अशी : मोजमापांची संख्या आठपट करायची, म्हणजे सेकंदाला ३,५२,८००, आणि पायऱ्या २५६ वर आणायच्या. आता सुमारे ९ कोटी टोल्यांत काम भागते. पायऱ्या कमी केल्याने उरणारी चूक फेकून देत नाहीत. वाणी सुट्या पैशांची बाकी पुढच्या हिशेबात धरतो, तशी ती पुढच्या आकड्यात धरली जाते. त्यामुळे बहुतेक खरखर माणसाच्या कानाच्या पल्ल्यापलीकडे ढकलली जाते.

डेन्मार्कच्या टोकाटा टेक्नॉलॉजीने हे तंत्र ‘इक्विबिट’ नावाने विकसित केले आणि १९९८च्या सुमारास टॅक्टचा ‘मिलेनियम’ हा अ‍ॅम्प्लिफायर त्यावर आला. २००० साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने टोकाटा विकत घेतली. मिलेनियममधली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. आकडे लहान करून आवाज कमी केला, तर दर सहा डेसिबलमागे साधारण एक बिट खर्ची पडतो. मिलेनियममध्ये आवाजाचे बटण आकड्यांना हात न लावता वीजपुरवठ्याचा दाबच कमी करते.

याच ठिकाणी या पद्धतीचा कच्चा दुवाही दिसतो. डॅक गाळला असे आपण म्हणतो खरे. प्रत्यक्षात वीजपुरवठा, ट्रान्झिस्टर आणि कॉइल मिळूनच डॅक झालेले असतात. पुरवठ्याचा दाब पाच टक्के ढळला, की स्पीकरवरचा दाबही तेवढाच ढळतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. एकदिश केल्यावर तिच्यात १०० हर्ट्झची थरथर राहते. २४० हर्ट्झचा स्वर वाजत असेल, तर या थरथरीमुळे त्याच्या दोन्ही बाजूंना १४० आणि ३४० हर्ट्झचे अनाहूत स्वर उमटू शकतात. स्पीकरची दोन्ही टोके चालवणाऱ्या मांडणीत गाणे थांबले की हेही थांबतात. त्यामुळे शांततेत स्पीकरला कान लावून हा दोष सापडत नाही. लांबलेल्या एका स्वराकडेच लक्ष द्यावे लागते.

साधा अ‍ॅम्प्लिफायर आपली चूक स्वतः सुधारतो, कारण आत आलेला आणि बाहेर जाणारा दाब यांची तो तुलना करू शकतो. इथे आत आकडा, बाहेर वीज. तुलना करायची कशी? २००९ साली आलेल्या नॅडच्या ‘एम-२’मध्ये ब्रिटनच्या झेटेक्सचे तंत्र होते. त्यात प्रत्यक्ष झटका आदर्श झटक्याशी ताडून पाहतात, फरकाचा पुन्हा आकडा करतात आणि पुढचे झटके दुरुस्त करतात. पुरवठ्यावरचे अवलंबन त्यामुळे बरेच कमी झाले.

तेव्हा घेणाऱ्याने विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात. आत वेगळा डॅक आहे का? बाहेर पडणाऱ्या आवाजाची दुरुस्ती होते का, आणि ती कॉइलच्या आधी होते की नंतर? कॉइलनंतरची दुरुस्ती नसेल, तर चार आणि आठ ओहमच्या स्पीकरवर वरचे स्वर वेगळे ऐकू येऊ शकतात. तिसरी गोष्ट जुन्या तबकड्या आणि कॅसेटी जपणाऱ्यांसाठी : त्यांचा आवाज अशा यंत्रात आधी आकड्यांत बदलावा लागतो, त्याची सोय आत आहे का, आणि ती कोणत्या दर्जाची? उत्तरे मिळाली की पाटीवर काय लिहिले आहे याकडे पाहायची गरज उरत नाही. मग आपल्या परिचयाची एखादी संथ आलापी लावावी आणि निवांत ऐकावी.