बुडत्या डोंग्यास हवाबंद डब्यांचा आधार

भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. गावोगावचे मालगुजारी तलाव, तुमसर तालुक्यातील चांदपूर व साकोली तालुक्यातील शिवनीबांध यांसारखे मोठे जलाशय आणि जिल्ह्याच्या मध्यातून वाहणारी वैनगंगा यांमुळे येथील लोकांचा पाण्याशी नित्याचा संबंध येतो. ढिवर बांधव डोंग्यातून मासेमारी करतात व शिंगाडे काढतात. पैलतीरी शेत असलेला शेतकरी मजूर, बियाणे व खत नावेतूनच नेतो. गोसीखुर्द धरणाचे पाणी वैनगंगेत मागे पसरल्यापासून तर पूर्वी सहज ओलांडता येणारे काही नाले रुंद व खोल झाले आहेत.

अशा वाहतुकीत धोका किती असतो, हे याच नदीच्या खालच्या अंगास दिसून आले. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यातील गणपूर येथे मिरची तोडण्यास निघालेल्या शेतमजूर स्त्रियांची नाव वैनगंगेत उलटली व त्यात प्राणहानी झाली. नाव उलटणे किंवा तीत पाणी भरणे हे दर वेळी टाळता येईलच असे नाही. परंतु पाणी भरल्यावरही नाव तळाशी जाऊ नये व माणसांना धरावयास आधार राहावा, अशी व्यवस्था अल्प खर्चात करता येते.

नाव का बुडते?

रिकामा लोटा पाण्यावर तरंगतो. त्यात पाणी भरताच तो तळाशी जातो. तोच लोटा झाकण लावून हवाबंद केला, तर दाबून धरला तरी वर येतो. नावेचेही तसेच आहे. नावेस तारते ती तिच्या पोकळीतील हवा. काठावरून पाणी आत आले की ती हवा निघून जाते. लाकडी डोंगा पाणी भरल्यावर बहुधा काठापर्यंत बुडून राहतो, परंतु माणसांचा भार घेऊ शकत नाही. पत्र्याचा डोंगा मात्र सरळ तळ गाठतो. म्हणून काही हवा अशी कोंडून ठेवावी की, नाव भरली तरी ती निघून जाणार नाही.

ही कल्पना नवी नाही. वाळलेले भोपळे बांधून केलेल्या सांगडीवरून नदी ओलांडण्याची रीत महाराष्ट्रात पूर्वापार होती. इंग्लंडमध्ये लायोनेल लुकिन या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने १७८५ साली बूच व हवेचे बंद कप्पे बसवून न बुडणाऱ्या नावेचे पेटंट घेतले.

किती डबे लागतील?

एक लिटर पाणी बाजूस सारणारी बंद हवा सुमारे एक किलो भार उचलते. खाद्यतेलाचा पत्र्याचा चौकोनी पिपा सुमारे १६ लिटरचा असतो. त्याचे स्वतःचे वजन वजा जाता तो १५ किलो भार तोलतो, असे धरावे.

उदाहरणार्थ, पत्र्याच्या डोंग्याचे वजन १०० किलो आहे. पाण्यात बुडालेल्या लोखंडाचे वजन सुमारे आठव्या हिश्शाने कमी होते. म्हणजे ८७ किलो भार तोलावा लागेल. डोंग्यास धरून पाण्यात राहिलेल्या माणसाचे डोके वर राहण्यास सुमारे ७ किलो आधार पुरतो. चार माणसांचे २८ किलो झाले. एकूण ११५ किलो भारासाठी असे आठ पिपे लागतात. एखादा गळेल हे ध्यानात घेऊन दोन अधिक बसवावेत. लाकडी डोंग्यास याहून पुष्कळ कमी पुरतात.

पिप्याचे तोंड झाळून घ्यावे, बाहेरून तेलरंगाचे दोन हात द्यावेत आणि रात्रभर पाण्यात दाबून ठेवून तो गळत नाही याची खात्री करावी. घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे कॅनही चालतात व ते गंजत नाहीत. थर्माकोल वापरल्यास त्यास जाड प्लॅस्टिक गुंडाळावे. पेट्रोल लागल्यास तो विरघळतो. मोटारीच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब काट्याने फुटते; तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये.

डबे कोठे व कसे बांधावेत?

बहुतेक चूक येथेच होते. डबे तळाशी बसविल्यास पाणी भरल्यावर ते वर येऊ पाहतात व नाव उलटी होते. म्हणून ते दोन्ही टोकांस व दोन्ही बाजूंस, काठाच्या जितके जवळ बसतील तितके, सारख्या संख्येने बांधावेत. नाव भरताच डबे जोराने वर उसळतात. म्हणून प्रत्येक डबा आडव्या फळीखाली घालून मजबूत दोरीने दोन ठिकाणी जखडावा. सुटलेला डबा एकटाच वाहून जातो आणि नाव बुडते.

नंतर नाव काठाजवळ कमरेइतक्या पाण्यात नेऊन मुद्दाम पाण्याने भरावी. ती सरळ व तरंगत राहिली आणि चार माणसांनी काठ धरला तरी खाली गेली नाही, तरच काम पुरे झाले असे समजावे. ही परीक्षा दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घ्यावी.

काही पथ्ये

डबे बसविले म्हणून अधिक माणसे घेऊ नयेत. हे साधन संकटासाठी आहे, भार वाढविण्यासाठी नव्हे. भरलेल्या नावेचा काठ पाण्याच्या किमान एक वीत वर असावा. पाणी उपसण्यासाठी डबा दोरीने बांधून ठेवावा. नाव भरल्यास कोणीही उभे राहू नये. सर्वांनी दोन्ही बाजूंनी काठ धरून पाण्यातच राहावे व लहान मुलांना मध्ये घ्यावे. पोहता येत असले तरी नाव सोडून किनाऱ्याकडे निघू नये. दमलेला पोहणारा बुडतो, नाव धरलेला वाचतो. शक्य तेथे प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे.

ग्रामसेवकांनी गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या साहाय्याने मृगाच्या आधी एका डोंग्यावर हे प्रात्यक्षिक करून दाखवावे. भरलेला डोंगा तरंगताना एकदा पाहिला की अधिक सांगावे लागत नाही. पेरणीस किंवा रोवणीस निघालेले माणूस सायंकाळी घरी परतावे, यासाठी काही डबे व थोडी दोरी एवढा खर्च जड वाटू नये.