सायकल सहलीला पाणी किती न्यावे?

धाराशिवहून (पूर्वीचे उस्मानाबाद) तुळजापूर सुमारे २२ किलोमीटर आणि तेथून नळदुर्ग आणखी सुमारे ३३. बोरी नदी अडवून किल्ल्यातच घातलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल मुलांना दाखवावा, म्हणून एखादी शाळा नववीच्या मुलांची सायकल सहल ठरवते. पंक्चरचे सामान, भाकरी, प्रथमोपचाराची पेटी अशी यादी होते. पाण्यापुढे मात्र बहुधा ‘प्रत्येकी एक बाटली’ एवढेच लिहिलेले असते. ही एक बाटली येते कोठून? मुले रोज शाळेत तेवढीच आणतात म्हणून! ती पुरेल की नाही, याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्रावर करता येतो. आपण तो करून पाहू.

साध्या सायकलीवर सपाट रस्त्याने ताशी १५ किलोमीटर वेगाने जायला प्रौढ माणसाला सुमारे ६० वॅट शक्ती लागते. आपले स्नायू मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्के कामी लावतात. म्हणजे ६० वॅटच्या कामासाठी शरीर सुमारे ३०० वॅट खर्च करते आणि त्यातील २४० वॅटची निव्वळ उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकली नाही तर शरीराचे तापमान चढत जाईल.

ती बाहेर जाण्याच्या वाटा मुख्यतः दोन. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर सायकलीच्या वेगाने लागणारा वाराच उष्णता घेऊन जातो. ते जमले नाही की घाम येतो. त्वचेवरच्या एक ग्रॅम घामाची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी, म्हणजे २४३० ज्यूल उष्णता लागते व ती शरीरातून घेतली जाते.

आता जानेवारीतली सकाळ घेऊ. हवा १५-१६ अंश सेल्सिअस. वारा जवळजवळ सगळी उष्णता नेतो, घाम नाममात्र. मे महिन्यातल्या सकाळी सहाला हवा २६-२७ अंश असते. वारा निम्मी-अधिक उष्णता नेतो, बाकीसाठी तासाला पाव लिटरच्या आसपास घाम लागतो. त्याच दिवशी दुपारी दोनला हवा ४० अंशांवर जाते. त्वचा ३५ अंशांची, म्हणून आता तोच वारा उष्णता नेण्याऐवजी आणून देतो. समजा ८० वॅट. उन्हाचे १२० वॅट धरू. स्वतःचे २४० मिळवले की ४४० वॅट झाले. ४४० ला ३६०० ने गुणून २४३० ने भागा. उत्तर येते सुमारे ६५० ग्रॅम. थोडा घाम वाफ न होता वाया जातो, तो धरून तासाला पाऊण लिटर म्हणू. हे आकडे ढोबळ आहेत. मूल लहान असेल तर कमी, समोरून वारा किंवा चढ असेल तर जास्त. तरीही रस्ता तोच, सायकल तीच आणि पाण्याची गरज तिप्पट, एवढे त्यातून स्पष्ट दिसते. म्हणून ‘किती बाटल्या’ या प्रश्नाआधी ‘किती वाजता’ हा प्रश्न यायला हवा. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणारे हजारो लोक रात्रीचे चालतात, त्यात उष्णतेचा हा हिशेब न मांडताच साधलेला असतो.

मराठवाड्यातल्या कोरड्या हवेची एक फसवणूक शिक्षकांनी ध्यानात ठेवावी. कोकणात दमट हवेमुळे घाम वाळत नाही, तो निथळतो आणि दिसतो. इकडे तो येताक्षणी उडून जातो. ‘सर, मला घामच आला नाही,’ असे सांगणाऱ्या मुलाच्या शर्टावर पाठीशी मिठाचे पांढरे डाग असतात. तहानेवरही पूर्ण विसंबता येत नाही. खेळण्याच्या नादात मुले तहान मारतात. खात्रीचा उपाय म्हणजे वजनकाटा. सहलीआधी एखाद्या दिवशी तासभर सायकल चालवण्यापूर्वी व नंतर मुलांची वजने करा. मधे प्यायलेले पाणी घटीत मिळवा, लघवी झाली असेल तर ती वजा करा. एक किलो घट म्हणजे एक लिटर पाणी. ४५ किलोच्या मुलाची घट ९०० ग्रॅमवर गेली, म्हणजे वजनाच्या दोन टक्क्यांवर, की थकवा जाणवू लागतो. वर्गाला यासारखा दुसरा प्रयोग सापडणे कठीण.

जास्त पाणी घेतले तर ओझे होईल, ही भीती अनाठायी आहे. तीन किलो पाणी १०० मीटर उंच चढवायला सुमारे ३००० ज्यूल काम पडते. शरीराचा खर्च त्याच्या पाचपट धरला तरी साडेतीन किलोकॅलरी. एका ग्लुकोज बिस्किटाचा छोटासा तुकडा!

नळदुर्गच्या सहलीसाठी पहाटे निघून तुळजापूरपर्यंत अर्धा-पाऊण लिटर, तेथे बाटल्या भरून पुढच्या अडीच-तीन तासांना दीड ते दोन लिटर, आणि पंक्चर झाल्यास उन्हात थांबावे लागेल म्हणून एक लिटर राखीव. म्हणजे तुळजापूरहून निघताना प्रत्येकाजवळ तीन लिटर हवे. वाटेत गावे आहेत, तेथे भरू, असे उन्हाळ्यात धरू नये. एप्रिल-मेमध्ये हातपंप कोरडे पडलेले असतात. टंचाईत टँकरच्या पाण्याचा सरकारी हिशेब माणशी दिवसाला २० लिटरचा असतो. तीस मुलांनी दोन-दोन लिटर मागितले तर ६० लिटर झाले. तीन माणसांचे दिवसाचे पाणी. मागितले तर गाव नाही म्हणणार नाही, म्हणूनच मागण्याची वेळ आणू नये.

नुसते पाणी ढोसणेही बरे नव्हे. घामाबरोबर मीठ जाते, आणि त्याच्या जागी केवळ पाणी भरत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण उतरते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचे सोडियम असे उतरलेले आढळले. थोडे थोडे, तासाला तीन-चार वेळा प्यावे आणि सोबत खावे. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, खारट ताक किंवा लिंबाचे सरबत यांत लागणारे मीठ सहज मिळते. एखादे मूल असंबद्ध बोलू लागले, अंग तापले, तर पाण्याच्या हिशेबात वेळ घालवू नका. सावलीत न्या, अंग ओले करून वारा घाला आणि दवाखाना गाठा.

राहिला प्रश्न गरम पाण्याचा. बाटलीतले ३८ अंशांचे पाणी मुले नाक मुरडून टाळतात आणि मग कमी पितात. बाटलीवर जुना सुती मोजा चढवून तो ओला ठेवा. एक लिटर पाणी १२ अंशांनी थंड करायला १२,००० कॅलरी काढाव्या लागतात. ५८० ने भागले तर सुमारे २० ग्रॅम पाण्याची वाफ. बाहेरून हवा उष्णता देतच असते, त्यामुळे प्रत्यक्षात याच्या काही पट लागेल. तरी ते कपभराच्या आतच भागते.