कॅप्सूल पहिल्या घासाला

स्वादुपिंडाला जुनाट सूज आहे असं निदान झालं की घरात सल्ल्यांची रीघ लागते. भाचा स्टेम सेल केंद्राची जाहिरात पाठवतो, शेजारच्या काकू कसल्याशा अँटिऑक्सिडंट पावडरचा डबा आणून देतात. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. शंका आहे ती डब्याबद्दल.

गैरसमज : स्टेम सेलने स्वादुपिंड पुन्हा नवं होतं.

या आजारात मऊ ग्रंथी तंतूंनी भरून कडक होत जाते, पुष्कळांच्या नलिकेत कॅल्शियमचे खडे बसतात. ते तंतू स्टेम सेलच्या इंजेक्शनने विरघळतात असं माणसांवरच्या कोणत्याही मोठ्या चाचणीत सिद्ध झालेलं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं बोन मॅरोसारखं प्रत्यारोपण तेवढं मान्य आहे. बाकी सगळं फक्त मंजूर चाचणीत करता येतं, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. त्यामुळे ‘पॅकेज’ हा शब्द आला की सावध व्हावं. कुणी सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदवहीतला नोंदणी क्रमांक पुढे करतं, पण नोंदणी म्हणजे चाचणी चालू असल्याची नोंद. गुण येत असल्याचा दाखला नव्हे.

घोळ व्हायला एक कारण आहे. वेदना असह्य झालेल्या मोजक्या रुग्णांचं स्वादुपिंड काढून टाकतात आणि त्यातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके वेगळे करून त्यांच्याच यकृतात सोडतात. मिनेसोटा विद्यापीठात ही शस्त्रक्रिया १९७७मध्ये पहिल्यांदा झाली. त्या पेशी रुग्णाच्याच आणि पूर्ण वाढलेल्या असतात, स्टेम सेल नसतात.

गैरसमज : अँटिऑक्सिडंटनी सूज बरी होते.

इथे मात्र ‘सगळं थोतांड’ म्हणून हात झटकता येत नाहीत. दिल्लीच्या एम्समधल्या १२७ रुग्णांच्या चाचणीत (२००९) सेलेनियम, मेथिओनिन, क आणि ई जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटिन दिल्यावर दुखण्याचे दिवस कमी झाले. मँचेस्टरच्या चाचणीत (२०१२) मात्र दुखण्यात फरक पडला नाही. दिल्लीचे रुग्ण तरुण, बहुतेक दारूशी संबंध नसलेले. मँचेस्टरचे वयाने मोठे, बरेचसे दारूमुळे आजारी पडलेले. म्हणजे काहींचं दुखणं थोडं हलकं होईलही, पण ग्रंथी पूर्ववत होत नाही. आणि सेलेनियम जास्त झालं तर केस-नखं गळतात, तेव्हा मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

गैरसमज : एन्झाइमची कॅप्सूल म्हणजे पाचकाची गोळी, जेवून झाल्यावर घ्यायची.

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. शौच चिकट, तेलकट, दोनदा फ्लश करूनही न जाणारं झालं की समजावं, स्वादुपिंडाचं एन्झाइम कमी पडतंय आणि चरबी पचत नाही. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळणारी, तीही तिच्याबरोबर वाहून जातात. वजन उतरतं, हाडं ठिसूळ होतात. कॅप्सूलमधून दिलेलं लायपेज हे एन्झाइम चरबी पचवायचं काम करतं, मुख्य जेवणाला साधारण २५ ते ५० हजार युनिट. पण ते अन्नात मिसळायला हवं. म्हणून कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायची, आणि जास्त असतील तर काही जेवणाच्या मध्यावर. चावायची नाही, आतले दाणे चुरडायचे नाहीत, नाहीतर जठरातलं आम्ल एन्झाइम निकामी करतं.

तूप-तेल सरसकट बंद करायची जुनी सवयही आता मागे पडली आहे. एन्झाइमची मात्रा नीट बसली असेल तर वरणभातावर तुपाची धार चालते. कॅप्सूल तेवढी ताटाशेजारच्या वाटीत आठवणीने काढून ठेवायची.